आधी माश्या, मग बेडूक

पहिल्यांदाच डार्ट फ्रॉग (रानात विषारी असणारे छोटे, रंगीत बेडूक) पाळणार असाल तर बेडूक आणण्याआधी महिनाभर नुसत्या फळमाश्या वाढवून बघा. मनापासून सांगतो. इमिटेटर हा पेरू देशातल्या जंगलातला डार्ट फ्रॉग जेमतेम 2 सेंटिमीटरचा, रोज हलतं, जिवंत खाणं मागणारा. उडता न येणाऱ्या बारीक फळमाश्या आणि स्प्रिंगटेल (मातीतले इवलेसे उड्या मारणारे जीव) एवढंच त्याच्या तोंडात मावतं. माझी माश्या वाढवायची एकुलती एक बरणी ऐन हिवाळ्यात बुरशी येऊन बसली, आणि बेडूक पानावर मागच्या पायाचं बोट टपटप हलवत वाट बघत होता. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. दर आठवड्याला नवी बरणी लावाच. माश्या कपात घेऊन कॅल्शियम-व्हिटॅमिनच्या पुडीत घोळवा, पीठ लावल्यासारख्या पांढऱ्या दिसल्या पाहिजेत.

विषाची भीती नको. ते रानातल्या मुंग्या-किड्यांतून येतं. पाळीव पैदाशीत नसतं. तरीही उगाच हातात घेऊ नका, त्यांची कातडी फार नाजूक. आणि रानातून पकडलेला बेडूक कधीच घेऊ नका.

थंडीपेक्षा उकाडा वाईट. 22 ते 26 अंश ठेवा, 30 च्या पुढे जीव जातो. पेटीला झाकण घट्ट, पाणी क्लोरीन काढलेलं.

हात बसेपर्यंत मला विचाराल तर थोडा मोठा, धीट ल्युकोमेलास हा दुसरा डार्ट फ्रॉग बरा. पण इमिटेटरच हवा असेल तर पेटीत ब्रोमेलियाड (पानांच्या बेचक्यात पाणी साठवणारं झाड) लावा. नर एकेक पिल्लू पाठीवर घेऊन त्याच्या पानांतल्या पाण्यात सोडतो.