मायटर सॉवर बरोबर ४५ लावूनही चौकटीचा चौथा कोपरा उघडा राहतो. मशीन खराब आहे का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी दहा इंची मायटर सॉ (लाकूड ठरावीक कोनात कापणारी यंत्र-करवत) घेतली, ४५ च्या खाचेत खटका बसवून सागाच्या ६० मिमी रुंद पट्ट्या कापल्या आणि फोटोची चौकट जोडली. तीन कोपरे घट्ट बसले, चौथ्यात तीन मिलिमीटरची फट राहिली. दुकानदार मशीन परत घ्यायला तयार नाही.

परत करायची गरज बहुतेक पडणारच नाही. मी चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यात दारे, देव्हारे आणि चौकटींची कामे करतो. कोपरा बंद बसण्यावर माझा जीव आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी त्या तीन मिलिमीटरचा हिशेब करू. चौकटीला कोपरे चार, पण कट आठ. प्रत्येक कट पाव अंशाने चुकला तर आठांचे मिळून दोन अंश होतात. तीन कोपरे दाबून बसवले की ते सगळे दोन अंश चौथ्या कोपऱ्यात जमा होतात. ६० मिमीच्या पट्टीवर ४५ च्या कटाची लांबी साधारण ८५ मिमी भरते, आणि ८५ मिमीवर दोन अंश म्हणजे तीन मिलिमीटर. म्हणजे तुमची मशीन जेमतेम पाव अंशाने हललेली आहे. अंशांच्या पट्टीवर पाव अंश डोळ्याने पकडता येत नाही, काट्याची जाडीच जवळपास तेवढी असते. म्हणून पट्टीवरचा आकडा बघून समाधान मानू नका. खरा निकाल कापलेल्या लाकडावर मिळतो.

एलन की (बोल्ट फिरवायची षटकोनी किल्ली) हातात घेण्याआधी फट कुठे आहे ते बघा, कारण अर्धे उत्तर तिथेच आहे. दोन पट्ट्या गुण्याला (काटकोन तपासायच्या अवजाराला) लावून बरोबर काटकोनात धरा. आतला कोपरा टेकला आणि बाहेरची टोके उघडी राहिली, तर कट ४५ पेक्षा कमी पडला आहे. बाहेरची टोके टेकली आणि आतून फट दिसली, तर ४५ पेक्षा जास्त झाला आहे. वरून बंद आणि खालून उघडी असेल तर अंशाचा दोष नाही. ब्लेड टेबलाशी उभे नाही. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात: समोरासमोरच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून टोके बोटाने चाचपा. एक पट्टी मिलिमीटरने जरी लांब असली तरी सगळे अंश बरोबर असूनही कोपरा उघडा राहतो. लांबीसाठी फेन्सला (लाकूड टेकवायच्या टेबलावरच्या उभ्या आडीला) ठोकळा क्लॅम्प करा आणि जोडीच्या दोन्ही पट्ट्या त्याच ठोकळ्याला टेकवून कापा. पेन्सिलीच्या खुणेवर दोनदा कापलेल्या पट्ट्या सारख्या भरत नाहीत.

चौकट जोडली तेव्हा बंद होती आणि नंतर उघडली असेल, तर मशीनला हातच लावू नका. लाकूड रुंदीत आकसते आणि फुगते, लांबीत जवळजवळ नाही. पावसाळ्यात ओलसर लाकडाची चौकट केली आणि आपल्याकडचा मे महिना तिच्यावरून गेला, की पट्टी रुंदीत आकसते आणि कोपरा आतून उघडतो. कोरड्या लाकडाने उन्हाळ्यात केलेली चौकट पावसाळ्यात फुगते आणि बाहेरून उघडते. पट्टी जितकी रुंद तितका हा त्रास जास्त. बल्लारशाहचा साग चांगलाच, पण चिरून आणल्याबरोबर चौकटीला लावू नका. छपराखाली, मध्ये चिपा घालून, हवा खेळेल असा रचून ठेवा.

आता मशीन. प्लग काढा. बटण बंद केले एवढे पुरत नाही, प्लग बोर्डातून बाहेर पाहिजे, कारण यापुढे तुमची बोटे ब्लेडजवळच राहणार आहेत.

पहिली तपासणी गुण्याची. बाजारातले बरेच गुणे स्वतःच गुण्यात नसतात. प्लायच्या तुकड्याची कारखान्यातून आलेली सरळ कड घ्या, तिला गुण्या टेकवून धारदार पेन्सिलीने रेघ मारा. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढी फाक दिसते त्याच्या निम्मी त्याची चूक. असल्या गुण्याने मशीन लावायला बसू नका.

मग ब्लेड. ते उतरवा. बऱ्याच मशिनींत ब्लेडचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो, म्हणून जोर लावण्याआधी बाणाची खूण बघा. दोन्ही बाजूंच्या वॉशरवर चिकटलेला भुसा आणि सागाचा काळा चिकट थर पुसून काढा. वॉशरखाली राहिलेला एक कण ब्लेडला डोलायला लावतो आणि त्याचा परिणाम काठावर वाढून दिसतो. दातांवरचा थर धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवून प्लास्टिकच्या ब्रशने जातो. तारेचा ब्रश कार्बाइडच्या टोकांना नको. ब्लेड पुन्हा बसवल्यावर एका दातावर खूण करा, त्याच्याजवळ लाकडाचा ठोकळा जेमतेम टेकेल असा क्लॅम्प करा आणि ब्लेड हाताने पूर्ण एक फेरा फिरवून बाकीचे दातही तिथे तेवढेच टेकतात का बघा, कमीजास्त झाले तर ब्लेड डोलते. मशीनसोबत आलेले ब्लेड बहुधा २४ किंवा ४० दातांचे असते. ते बांधकामाच्या लाकडाला ठीक, चौकटीच्या कामाला ६० किंवा ८० दातांचे घ्या. पैसे खर्च करायचेच असतील तर डिजिटल अँगल मीटरच्या आधी ब्लेडवर करा, असे माझे मत आहे.

आता फेन्स. ती दोन तुकड्यांची दिसते. तिच्यावर स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवा आणि मागून उजेड येतो का बघा. डावी आणि उजवी बाजू एका रेषेत नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ, कारण एका बाजूला गुण्या जुळेल आणि दुसऱ्या बाजूला सुटेल. फट किती ते मोजायला फिलर गेज नसेल तर झेरॉक्सचा कागद वापरा, तो साधारण ०.१ मिमी जाड असतो.

यानंतर ब्लेड टेबलाशी उभे आहे का ते बघा. हा क्रम बदलू नका, मायटरचा, म्हणजे टेबल फिरवून लावायचा कोन नेहमी यानंतर. ब्लेड खाली आणून लॉक करा, गुण्या टेबलावर उभा करून ब्लेडच्या पात्याला टेकवा. दाताला नव्हे, पात्याला. दात पात्यापेक्षा जाड असतात आणि गुण्या दातावर चढला तर खोटे माप मिळते. ब्लेड हाताने थोडे फिरवून गुण्याची कड दोन दातांमधल्या खोलगट जागेत येईल असे करा. वर किंवा खाली उजेड दिसला तर मागचा बेव्हल लॉक (ब्लेड बाजूला कलवायचा आवळा) सैल करा आणि ० अंशाचा थांबा-बोल्ट, त्याचा लॉकनट सोडवून, थोडा थोडा फिरवा. स्लायडिंग मशीन असेल तर ब्लेड पुढे ओढून आणि मागे ढकलून, दोन्ही ठिकाणी हे माप घ्या.

आता मुख्य काम, ब्लेड आणि फेन्सचा काटकोन. टेबल शून्याच्या खाचेत बसवा आणि हँडल आवळा. फेन्सचे बोल्ट सोडवा, पण पूर्ण नाही. फेन्स तळहाताने ठोकल्यावर सरकेल आणि हात काढल्यावर तिथेच राहील इतकेच. गुण्याचा जाड दांडा फेन्सला आणि पाते ब्लेडला टेकवा, दांडा आणि फेन्स यांच्यामधून उजेड जाईपर्यंत डोळा खाली आणा, आणि फेन्सच्या टोकाला हळूच ठोकत उजेड बंद करा. मग बोल्ट आवळा, एक इकडचा थोडा, एक तिकडचा थोडा. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर फेन्स त्याच्याभोवती किंचित फिरते आणि केलेली मेहनत जाते. आवळल्यावर पुन्हा गुण्या लावा. काही मशिनींत फेन्स पक्की असते आणि अंशांची पट्टीच चार स्क्रू सोडवून सरकवायची असते. तुमच्या मशीनचे पुस्तक बघून घ्या. खाचा त्या पट्टीतच कोरलेल्या असतात, त्यामुळे पट्टी सरकली की सगळे कोन एकदम सरकतात.

गुण्याने जुळले तरी कापून खात्री करा. साधारण १०० ते १५० मिमी रुंद आणि दोन्ही कडा समांतर असलेली पट्टी घ्या, एमडीएफची असली तर उत्तम. मधून कापा. एक तुकडा जसा आहे तसा ठेवा, दुसरा उपडा करा म्हणजे त्याची फेन्सकडची कड पुढे येईल. दोन्ही तुकडे एका सरळ कडेला टेकवून कापलेली टोके भिडवा. आता दिसणारी फट खऱ्या चुकीच्या दुप्पट आहे. १५० मिमीवर अर्ध्या मिलिमीटरची फट दिसली तर खरी चूक पाव मिलिमीटर, म्हणजे ०.१ अंश. १०० मिमीवर एक कागद जेमतेम अडकत असेल तर थांबा, लाकूडकामाला यापेक्षा जास्त अचूकता लागत नाही. टेबलाशी उभेपणा असाच तपासता येतो: पट्टी फेन्सला उभी लावून कापा आणि एक तुकडा वरचा खाली करून दोन्ही टोके भिडवा.

काटकोन पक्का झाला की डावीकडचा आणि उजवीकडचा ४५ आपोआप जवळ येतो. पण आपोआप बरोबर येतोच असे नाही. टाकाऊ पट्टीच्या आठ कटांची छोटी चौकट करा, चारही बाजू सारख्या, आणि हाताने धरून बघा. चौथा कोपरा बंद झाला तर काम झाले. डावीकडचा ४५ बरोबर आणि उजवीकडचा चूक असेल तर सगळे कट एकाच बाजूने करा, पट्टी उलटवून. त्यासाठी पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी पाहिजे. मोल्डिंगला, म्हणजे नक्षीच्या पट्टीला हे जमत नाही. तिथे खटका उचलून हँडल आवळताना टेबल किंचित सरकवावे लागते.

एवढे सगळे करूनही कट वाकडा येत असेल तर लाकूड धरण्यात दोष असतो. तिरप्या कटात ब्लेड पट्टीला फेन्सच्या कडेकडेने ढकलते, पट्टी केसाएवढी सरकते आणि ते तुमच्या हाताला कळत नाही. क्लॅम्प लावा, किंवा फेन्सवर बारीक पॉलिश पेपर दुतर्फा टेपने चिकटवा. फेन्सच्या मुळाशी भुसा साचतो तो प्रत्येक कटानंतर ब्रशने काढा. १०० मिमी लांबीच्या तुकड्याच्या एका टोकाशी अर्ध्या मिलिमीटरचा भुसा राहिला की जवळजवळ ०.३ अंश गेले, म्हणजे ज्या पाव अंशासाठी एवढी मेहनत केली तो तिथेच परत आला. आणि कट झाल्यावर ब्लेड पूर्ण थांबू द्या, मगच वर उचला.

वीज ही आपल्याकडची वेगळी बाब. शेतातले पंप चालू झाले की गावात व्होल्टेज पडते. १८०० वॅटच्या मशीनला २३० व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर लागतात. व्होल्टेज पडले आणि वर बारीक वायरचे लांब एक्सटेन्शन असले की ब्लेडचा जोर कमी होतो. आपण हँडल जास्त दाबतो, ब्लेड दबून वाकते आणि कट खालच्या टोकाला भरकटतो. मोटरचा आवाज बसलेला ऐकू आला तर चौकटीचे कट तेव्हा करू नका. एक्सटेन्शन २.५ चौरस मिमी तांब्याचे घ्या आणि गुंडाळलेले न ठेवता पूर्ण उलगडा.

मशीन टेम्पोत घालून दुसऱ्या गावी नेली की तिथे उतरवल्यावर उलटवून भिडवायची ती एक तपासणी करा, वेळ लागत नाही. मात्र तान्ह्या पोळ्याच्या आधी मुलांच्या लाकडी नंदीबैलांचे पाट कापायचे असतील तर एवढ्या मापात पडू नका. तिथे अर्धा अंश कुणाला दिसणार नाही.

तुम्ही पुढे विचारले आहे की घरात बीडिंग मारताना कोपरे का जुळत नाहीत. तिथे बहुतेक वेळा भिंतच गुण्यात नसते, जुन्या मातीच्या घरात तर नाहीच. त्यासाठी लावलेली मशीन बिघडवू नका. सरकत्या गुण्याने (ज्याचे पाते हव्या त्या कोनात फिरते) कोपरा मोजा, त्याचे दोन भाग करा आणि ९० मधून वजा करा. कोपरा ९२ अंशांचा निघाला तर निम्मे ४६, आणि अंशांच्या पट्टीवर काटा ४४ वर लावायचा. आधी दोन टाकाऊ तुकडे कापून कोपऱ्यात धरून बघा, मगच लांब बीडिंगला ब्लेड लावा.