लघवीला वास येतोय, किडनी गेली का?

हा प्रश्न माझ्याकडे सरळ कधी येतच नाही, आधी झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही असं येतं आणि निघता निघता हळूच खरं काय ते बाहेर पडतं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणारी एक मुलगी अशीच आली होती (ओळख लागू नये म्हणून थोडं बदललंय). "मॅडम, इतका उग्र वास येतो की अभ्यासिकेत शेजारी कोणी बसलं की मी उठून जाते, किडनी गेली असेल का हो माझी?" रात्र रात्र मोबाईलवर वाचून पोरगी मनाने डायलिसिसपर्यंत पोचली होती.

दिवस कसा जातो विचारलं. चार-पाच चहा, पाणी जेमतेम एक बाटली, कारण अभ्यासिकेत सगळ्या मुलींना मिळून एकच बाथरूम, तेही घाण, मग दुपारपर्यंत दाबून ठेवायचं. आणि वासाची लाज वाटायला लागल्यापासून पाणी अजून कमी केलेलं, म्हणजे जायलाच नको! इथेच सगळं अडकतं बघा. पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी होते आणि अमोनियासारखा वास मारते, म्हणजे लाजेपायी ती जे करत होती त्यानेच वास वाढत होता. वर बी-कॉम्प्लेक्स चालू, त्यानेही रंग-वास बदलतो, लसूण-कॉफीनेही. नुसता वास असेल तर एक-दोन दिवस नीट पाणी प्यायल्यावर बहुतेकदा जातो. हार्ट किंवा किडनीच्या त्रासामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय त्यांनी मात्र मनाने वाढवू नका.

पण अजून विचारल्यावर कळलं की तीन-चार दिवस जळजळ पण होतेय, सारखं जावंसं वाटतं आणि होते थेंबभर. मग मात्र मी डॉक्टरकडेच पाठवलं, हे बोलून बरं होणारं नाही. रूममेटच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या तिच्या बॅगेत होत्या, त्या घेऊ नकोस असं निक्षून सांगितलं, कारण आधीच गोळी घेतली तर कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू सापडतीलच असं नाही. सॅम्पलही पहिली धार सोडून मधली द्यायची. रिपोर्टमध्ये इन्फेक्शन निघालं, किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन नॉर्मल, डॉक्टरांनी दिलेला कोर्स तिने पूर्ण केला.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या किंवा लघवीतून रक्त असेल तर त्याच दिवशी जा, आणि गरोदर असाल किंवा डायबेटीस असेल तर साध्या जळजळीलाही थांबू नका. गोडसर, फळासारखा वास आणि खूप तहान, वजन उतरतंय तर शुगर तपासा, सोबत उलट्या, धाप, गुंगी असेल तर थेट इमर्जन्सीत. कधीकधी वास लघवीचा नसतोच, अंगावरून पांढरं जाण्याचा असतो, मासळीसारखा, तेव्हा सुगंधी वॉश वापरत बसू नका, गायनॅकला दाखवा.

तोंडाने सांगवत नसेल तर कागदावर लिहून न्या, कधीपासून आहे, जळजळ आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. हिनेही तेच केलं, रिसेप्शनवर लेडी डॉक्टर मागितली आणि आत गेल्यावर चिठ्ठी पुढे केली.