सीटीत गाठी दिसल्या, आता काय?

अल्सरेटिव्ह कोलायटिसला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येण्याच्या जुनाट आजाराला, 9 वर्षं झालेल्या एक ताई सीटी स्कॅनचा रिपोर्ट घेऊन आल्या. ‘मेसेंटरीत अनेक लिंफ नोड्स, सर्वांत मोठी 8 मि.मी.’ या ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारलेली. दिरांनी ठणकावून सांगितलं होतं, गाठी म्हणजे कॅन्सरच. “त्या काढूनच टाकू का?” एवढाच त्यांचा प्रश्न होता.

लिंफ नोड्स म्हणजे लसीकाग्रंथी, त्या सगळ्यांच्याच पोटात असतात. आतड्याच्या भिंतीत झिरपलेलं पाणी, प्रथिनं, जंतूंचे अंश, पांढऱ्या पेशी हे सगळं बारीक लसीकावाहिन्यांतून आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या, म्हणजे मेसेंटरीतल्या, ग्रंथींत येतं, तिथे गाळलं जातं. आतडं सुजलं की ही आवक वाढते आणि ग्रंथी फुगतात. पायाला जखम झाल्यावर जांघेत अवधाण येतं, तसंच. कोलायटिसमध्ये 10 मि.मी.च्या आतल्या ग्रंथी दिसणं नवलाचं नाही. मोठ्या, एकमेकींना चिकटलेल्या, मधोमध काळपट ग्रंथी दिसल्या, वर ताप आणि घटतं वजन असेल, तर आपल्याकडे आधी टीबीची शंका घेतात. ताईंच्या रिपोर्टात तसं काहीच नव्हतं.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर सुरू होतो अस्तरात. ग्रंथींत तो नंतर पोचतो. अस्तराच्या अगदी वरच्या थरात लसीकावाहिन्या जवळजवळ नसतात, म्हणून तिथल्या तिथे सापडलेला बदल बहुतेकदा दुर्बिणीतूनच काढता येतो. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये निघालेल्या आतड्यासोबतच्या निदान 12 ग्रंथी तपासतात; एकीत जरी कॅन्सर सापडला तर स्टेज तीन, आणि मग सहसा केमो. कॅन्सर नसताना ग्रंथी काढून काहीच साधत नाही.

काळजीचं कारण वेगळंच निघालं. रक्त पडायचं थांबलं म्हणून सूज आवरणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या परस्पर बंद केलेल्या, आणि पाच वर्षांत कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, नाही! रोग गुदाशयाच्या वर गेलेला असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून 8 वर्षांनी कॅन्सरवर नजर ठेवण्यासाठी देखरेखीची कोलोनोस्कोपी लागते. पित्तनलिकांचा पीएससी हा आजार सोबत असेल तर निदानापासूनच, दरवर्षी. शक्यतो सूज शांत असताना करावी, कारण भडकलेल्या अस्तराची बायोप्सी, म्हणजे तपासायला काढलेला तुकडा, वाचताना पॅथॉलॉजिस्टचीही पंचाईत होते. पोट साफ करायचं औषध अर्धं रात्री, अर्धं सकाळी घ्यायचं. सगळं रात्रीच उरकलं तर सकाळपर्यंत उजव्या बाजूला चिकट थर जमतो आणि चपटे डाग नजरेतून सुटतात. रंग फवारून पाहिलं तर मुख्यतः संशयाच्या जागीच तुकडे घेतात. नाहीतर दर 10 सें.मी.ला चार, म्हणजे तीसेक तुकडे. हे ताईंना आधीच सांगितलं. एरवी तुकड्यांचा आकडा ऐकूनच घरचे हबकतात.

डॉक्टरांना विचारून गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आतड्यातली सूज दाखवणारी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करायची, आकडा उतरला की कोलोनोस्कोपी, असं ठरलं. पुढच्या भेटीला दिरांनाही घेऊन येते म्हणाल्या.