सोन्याचे नॅनोकण पहिल्यांदा बनवताना

सुरुवात सायट्रेटच्या पद्धतीनेच करा. १ मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल (सोन्याच्या क्षाराचं द्रावण) २० मिली घ्या, जोरात ढवळत खळखळ उकळू द्या आणि १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेट २ मिली एकदम ओता; थेंबथेंब नको. पिवळा रंग जातो, मग काळपट छटा येते, शेवटी डाळिंबी लाल. त्यानंतरही १० मिनिटं उकळू द्या. कण साधारण १३ ते १५ नॅनोमीटरचे, प्रकाश शोषणाचं शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास.

जांभळं झालं तर आधी काचेवर संशय घ्या. फ्लास्क फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात) अम्लराजाने, म्हणजे तीव्र हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणाने, धुऊन शुद्ध पाण्याने भरपूर विसळा (उरलेल्या अम्लराजाच्या बाटलीला घट्ट झाकण लावू नका, वायू साठून फुटते). सोन्याचा क्षार स्टीलच्या चमच्याने उचलू नका, चमचा गंजतो.

पेशींवर टाकायची घाई तर मुळीच नको. पीबीएसमधल्या (पेशींसाठी वापरायच्या खारट बफर द्रावणातल्या) मिठाने सायट्रेटचा ऋण भार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात आणि द्रावण निळं पडतं. आधी थायॉल-पेगचं (सोन्याला गंधकाने चिकटणाऱ्या पॉलिमरचं) आवरण द्या. एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी जांभळा रंग बनवतात, तो ५७० नॅनोमीटरला मोजतात) पेशी नसलेले, फक्त कणांचे कप्पे ठेवाच: ५७० नॅनोमीटरला सोनंही प्रकाश शोषतं, आणि मेलेल्या पेशी कागदावर जिवंत दिसतात. साठवण ४ अंश सेल्सिअसला. गोठलं तर बॅच वाया.