फॉर्मवर 'मावशी' लिहू नका

प्रश्न : मी आणि माझी जोडीदार नाशिकला आठ वर्षं एकत्र राहतो. दात्याच्या मदतीने आयव्हीएफ करून तिला मुलगी झाली. मुलगी आता तीन वर्षांची आहे, मला 'माई' म्हणते. जन्मदाखल्यावर फक्त तिच्या आईचं नाव आहे. गेल्या महिन्यात ती घसरगुंडीवरून पडली, भुवईला टाके घालायचे होते आणि आई दौऱ्यावर. दवाखान्यात 'पेशंटशी नातं' या रकान्यात मी घाबरून 'मावशी' लिहिलं. मला तिला दत्तक घेता येईल का?

उत्तर : ताई, दत्तकाचं आधी सांगते, कारण लोक तिथेच फसतात. लग्न न झालेल्या दोघांना मिळून मूल दत्तक घेता येत नाही. 'कारा'चा (दत्तक प्रक्रियेवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था) हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी ३ विरुद्ध २ मतांनी कायम ठेवला. हिंदू दत्तक कायद्याखाली तुम्ही एकटीने घेतलंत, तर जन्मदात्या आईचं नातं कायद्याने तुटतं. म्हणजे तुम्ही आई व्हाल आणि ती कोणीच उरणार नाही. कुणी एजंट 'करून देतो' म्हणाला, तर चहा पाजून वाटेला लावा.

आता ती 'मावशी'. उद्या आईचं काही बरंवाईट झालं आणि आजी-आजोबा ताबा मागायला कोर्टात उभे राहिले, तर त्यांचा वकील हाच फॉर्म पुढे करेल : या स्वतःलाच मावशी म्हणवतात. मी त्यांच्या बाजूने असते, तर मीही केला असता.

आणि खोटं लिहायची गरजही नव्हती. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी केलेल्या उपचाराला पालकाची, किंवा मूल ज्याच्याकडे कायदेशीरपणे सोपवलेलं आहे त्याची संमती चालते. भारतीय न्याय संहितेचं कलम २७ बघा. मुलगी तुमच्याकडे आईनेच सोपवली होती. कमी होता तो पुरावा. म्हणून आईकडून एक अधिकारपत्र घ्या : शाळेतून नेणं-आणणं, उपचारांना संमती देणं, शिक्षकांना भेटणं, सगळं नावानिशी लिहून, दोघींच्या सह्या, नोटरी. एक प्रत शाळेत द्या, एकीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. रकान्यात लिहा 'आईने नेमलेली व्यक्ती'. काउंटरवरचा माणूस भुवया उंचावेल, उंचावू दे.

खरं काम मात्र मृत्युपत्राचं आहे. तुम्ही हिंदू आहात असं धरून सांगते : १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, लग्नाशिवाय झालेल्या मुलाची आई मृत्युपत्रातून पालक नेमू शकते. (कायद्यात अशा मुलाला अजून 'अनौरस' म्हणतात. शब्द टोचतो, पण तुमच्या कामाचं कलम तेच आहे.) तिने मुलीचा सांभाळ आणि तिची मालमत्ता, दोन्हींसाठी तुमचं नाव घालावं आणि का, तेही चार ओळींत लिहावं. दोन साक्षीदार लागतात. त्यातला एक तिच्या माहेरचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या. वाद झालाच तर कोर्ट मुलीचं हित बघेल, म्हणून फीच्या पावत्या, लसीकरणाच्या तारखा, तुमच्या खात्यातून गेलेले पैसे, सगळं एका फाइलला लावत जा.

बँकेत दोघींचं संयुक्त खातं आणि एकमेकींचं नामांकन करायला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्येच कळवलंय.

एवढं करूनही कायद्याच्या लेखी तुम्ही आई ठरणार नाही, हे खोटा दिलासा न देता सांगते. जोडीदार दौऱ्यावरून परतली की पहिल्या आठवड्यात मृत्युपत्र, मग बाकीचं.