‘डाएटवर आहे’ असं सांगणं आता सोडा

ताई,
माझं वय 43. आठ महिन्यांपूर्वी माझं गॅस्ट्रिक बायपासचं ऑपरेशन झालं. वजन चांगलं उतरलंय, शुगर आटोक्यात आहे, जिने चढताना धाप लागत नाही. ऑपरेशनचं घरच्यांशिवाय कुणालाच माहीत नाही. बाकी सगळ्यांना ‘डाएटवर आहे’ एवढंच सांगितलंय.
मध्यंतरी ऑफिसच्या ट्रिपला गेले होते. रात्री जेवायला खूप उशीर झाला. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून सगळ्यांच्या बरोबरीने भराभर खाल्लं आणि घास छातीत अडकला. बाथरूममध्ये जाऊन सगळं काढून टाकावं लागलं. बाहेर आले तर एक सहकारी दारात उभी. हळूच म्हणाली, “अगं, बारीक होण्यासाठी असं नको करूस.” मला तोंडच उघडता आलं नाही.
आता पुढच्या महिन्यात कॉलेजच्या तीन मैत्रिणींबरोबर आठ दिवसांचा प्रवास ठरलाय. कुठे जेवायचं आणि काय मागवायचं, हे आमच्यात कायम मी ठरवायचे. आता तिथे जाऊन चार घासांत हात आखडता घ्यायचा या विचारानेच रडू येतं. शिवाय बिल आम्ही सारखं वाटून घेतो. मी पाव प्लेटही खात नाही, पण हे बोलायचं कसं? वाटतं, काहीतरी कारण सांगून जाणंच रद्द करावं, नाहीतर जेवणाच्या वेळी डोकं दुखतंय म्हणून खोलीत पडून राहावं. काय करू?

*

प्रिय मैत्रिणी,

रद्द करू नका आणि खोलीतही पडून राहू नका. आठ दिवसांच्या प्रवासात रोज जेवायच्या वेळी डोकं दुखू लागलं, तर तीन जुन्या मैत्रिणी एक तर डॉक्टर शोधतील, नाहीतर ‘आपलं काय चुकलं’ म्हणून मनात कुढत बसतील.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. हॉटेलातलं खाणं ही त्यातली सोपी बाजू आहे आणि त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतेच. अवघड होऊन बसलंय ते ‘डाएटवर आहे’ हे वाक्य. वरवर निरुपद्रवी वाटतं, पण सगळा घोळ त्यानेच घातलाय. डाएट मोडायला लावण्यात लोकांना गंमत वाटते. “एक घास घे गं, आजच्या दिवस चालतं”, “एवढ्याशाने काय होतंय”, हे सगळं प्रेमापोटीच येतं. पण पोटाचं ऑपरेशन झालंय म्हटल्यावर कुणी आग्रह करत नाही, उलट पाण्याचा ग्लास पुढे करून विचारतात, “तुला काय चालेल?” डाएट या शब्दाने तुम्ही स्वतःहून सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण दिलंय, आणि तो मोडून काढायची ताकद दर वेळी तुम्हालाच लावावी लागते.

त्या सहकारी बाईंचंही तेच झालं. त्यांना दिसलं काय? झपाट्याने बारीक होणारी, डाएटवर असलेली बाई जेवून उठते आणि बाथरूममध्ये जाऊन उलटी करते. त्यांनी काळजीने जो अर्थ लावला, तो कुणीही लावला असता. आपण रिकामी ठेवलेली जागा लोक आपापल्या परीने भरतात. म्हणून मैत्रिणींना निघण्याआधीच, फोनवर, एवढंच सांगा: “माझं पोटाचं ऑपरेशन झालंय. मी अगदी कमी आणि हळू खाते. कधी मध्येच थांबले तर घाबरू नका, आग्रह करू नका.” यातला शब्द न शब्द खरा आहे. वजनाचा उल्लेख करायचा की नाही, हा सर्वस्वी तुमचा प्रश्न. तुमच्या शरीराचा हिशेब कुणाला देणं लागत नाही.

पण तिघींपैकी एकीला मात्र सगळं सांगा. ऑपरेशनचं नाव, काय झालं तर काय करायचं, सगळं. याला मी नुसता मैत्रीचा सल्ला म्हणून सोडणार नाही, ही तुमच्या सुरक्षिततेची गोष्ट आहे. कारण सांगते. बायपासमध्ये जठराची एक लहानशी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. गोड पदार्थ त्या पिशवीत थांबत नाहीत, झपाट्याने आतड्यात उतरतात. मग साधारण 10 ते 30 मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब, कधी कधी आडवं पडल्याशिवाय बरं वाटत नाही. यालाच डम्पिंग म्हणतात, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच. दुसरा प्रकार जास्त फसवा. खाल्ल्यानंतर 1 ते 3 तासांनी रक्तातली साखर एकदम खाली येते. हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं, चालताना तोल जातो. परक्या गावात रात्री अशा अवस्थेतल्या बाईला बघणारा ‘जास्त झालीय हिला’ असंच समजेल. तेव्हा शेजारी एक तरी माणूस असं हवं, ज्याला खरं काय ते माहीत आहे.

दारूचं इथेच बोलून टाकते, कारण प्रवासात ग्लास उंचावायची वेळ येतेच. बायपासनंतर दारू फार लवकर आणि फार जास्त चढते. पूर्वी जे सहज झेपायचं, त्याचा आता भरवसा धरू नका. ऑपरेशननंतरच्या वर्षांत दारूची सवय जडण्याचा धोकाही वाढतो. मी तरी तुम्हाला पूर्ण टाळायलाच सांगेन. सोड्याची आणि फसफसणारी पेयंही नकोतच, ती पिशवीत वायू भरतात आणि जीव नकोसा होतो.

आता त्या रात्री नक्की काय झालं ते पाहू, कारण ते टाळता येण्यासारखं होतं. ऑपरेशनच्या वेळी बायपासची पिशवी साधारण 30 मिलीलीटरची करतात, म्हणजे दोन मोठे चमचे. पुढे ती जरा सैल होते, पण बाहेर पडायची वाट अरुंदच राहते. भुकेने कासावीस होऊन, मोठा घास, न चावता, सगळ्यांच्या वेगाने गिळला की तो त्या वाटेवर अडतो. मागून तोंडात लाळ सुटत राहते, फेस येतो, आणि शेवटी सगळं वर येतं. यात पदार्थाचाही हात असतो. कोरडं पडलेलं चिकन, पावाचा मऊ भाग, चिकट भात, पास्ता हे हमखास अडकणारे. रश्शातला मासा, मऊ शिजलेली डाळ, अंडं, दही, पनीर हे सहसा सुखाने उतरतात.

पण पदार्थापेक्षा मोठा दोष उशिराचा आणि भुकेचा होता. ग्रुपमध्ये जेवण कधीच ठरल्या वेळी होत नाही. चौघींचं आवरून, टेबल मिळून, ऑर्डर येईपर्यंत दीड तास सहज जातो. तुम्ही तोवर उपाशी बसू नका. निघण्यापूर्वी खोलीतच थोडं दही किंवा उकडलेलं अंडं खाऊन घ्या. टेबलावर मग भूक तुमच्या मानेवर बसलेली नसते आणि पहिला घास हळू घेता येतो. त्या पहिल्या घासावरच सगळं अवलंबून असतं. नखाएवढा तुकडा घ्या. तोंडात टाकल्यावर काटा किंवा चमचा खाली ठेवा, हातात धरून बसू नका. पातळ होईपर्यंत चावा. गिळल्यावर थांबा, मैत्रिणींचं बोलणं ऐका, मग दुसरा. पोट भरत आलं की शरीर खूण देतं. कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहू लागतं, कुणाला छातीच्या हाडाखाली जड वाटतं. आठ महिन्यांत तुम्हाला तुमची खूण कळली असेलच. ती आली की पुढचा एकही घास नाही, कितीही चविष्ट असला तरी.

तरीही अडकलंच तर वरून पाणी ढकलू नका. सगळ्यांचा पहिला हात पाण्याकडे जातो आणि त्यानेच त्रास वाढतो. “आले हं” म्हणून उठा, सावकाश फेऱ्या मारा. मैत्रिणींना आधीच सांगून ठेवलेलं असेल, तर कुणी दारात उभं राहून अंदाज बांधणार नाही.

मागवताना मुख्य जेवणाच्या पानावर जाऊच नका. सुरुवातीचे पदार्थ, सूप, साइड डिश यांतच तुमचं जेवण असतं. भाजलेलं, वाफवलेलं, रश्शातलं निवडा. सॉस आणि ड्रेसिंग वेगळं मागा, कारण हॉटेलच्या सॉसमध्ये साखर असते हे चवीवरून नेहमी कळत नाही. अर्धी प्लेट मिळेल का, हे मोकळेपणाने विचारा. ऑपरेशनमुळे कमी खाणंच जमतं, असं लिहिलेलं छोटं कार्डही काही रुग्णालयं देतात. हॉटेलवर ते बंधनकारक नसतं, पण दाखवलं की समजावत बसावं लागत नाही. तुमच्या टीमकडे असेल तर घेऊन ठेवा. ताटात आधी प्रोटीन संपवा, मग भाजी, आणि जागा उरली तरच भात किंवा ब्रेड. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रोटीन, असं तुमच्या डाएटिशियननी सांगितलं असेल. एका अंड्यातून 6 ग्रॅमच्या आसपास मिळतं, तळहाताएवढ्या मासा-चिकनच्या तुकड्यातून 20 ते 25. नुसत्या हॉटेलच्या जेवणावर हा आकडा गाठणं कठीण, म्हणून प्रोटीन पावडरचे लहान पुडे सामानात टाका. बहुतेक ठिकाणी सकाळचा नाश्ता तुमच्यासाठी दिवसातला सगळ्यांत भरवशाचा. अंडी असतात, दही असतं आणि घाई नसते.

पाण्याकडे प्रवासात हमखास दुर्लक्ष होतं. जेवताना प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास प्यायचं नाही, एका दमात पिता येत नाही, आणि तरी दिवसाला दीड लीटर गाठायचं. बाटली हातात ठेवून घोट घोट पीत राहिलात तरच हे जमतं. बॅगेच्या तळाशी गेलेली बाटली संध्याकाळपर्यंत तशीच भरलेली सापडते.

उरलेल्या अन्नाचं मला ठाऊक आहे. ताटात टाकायचं नाही, हे आपल्या हाडात भिनलेलं आहे. घरी असता तर डबा भरून फ्रिजमध्ये ठेवला असता. प्रवासात फ्रिज जवळ नसेल तर शिजवलेलं अन्न 2 तासांवर बाहेर ठेवून खाऊ नये, कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच संपवावं. तेव्हा उरलेलं उरू द्या. आधीच एका मैत्रिणीशी एक प्लेट दोघींत घ्यायचं ठरवलंत, तर उरणारही नाही आणि तुम्हाला दोन-तीन पदार्थांची चवही घेता येईल.

बिलाचं थोडक्यात. यात क्षुद्र काही नाही. पण ते पहिलं बिल टेबलावर आल्यावर बोलू नका, तेव्हा सगळ्याच ओशाळतात. निघण्याआधीच्या त्याच फोनवर म्हणा, “जेवणाचं माझं मी वेगळं देईन, बाकी सगळं सारखं.” मैत्रिणी आहेत, कळेल त्यांना.

आणि त्या रडण्याबद्दल. खाणं हा तुमचा आनंद होता, तुमची हौस होती, आणि त्यातला मोठा भाग गेला. प्रकृती सुधारली म्हणून त्याचं दुःख होऊ नये, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. हे दुःख खरं आहे. ऑपरेशननंतर अनेकांना ते होतं, आणि ते सांगितलं की ‘एवढं वजन उतरलं, अजून काय हवं’ असं उत्तर मिळतं, म्हणून लोक गप्प बसतात. फार दाटून येत असेल तर तुमच्या टीममधल्या समुपदेशकांशी बोला, ते त्यासाठीच असतात. पण हॉटेल निवडायचं काम मात्र सोडू नका. कुठे काय चांगलं मिळेल, कशाबरोबर काय मागवावं, ही तुमची जाण पोटाच्या पिशवीबरोबर लहान झालेली नाही. मेन्यू तुमच्याच हातात असू द्या. तुम्ही मागवा, त्यांनी भरपूर खावं, तुम्ही प्रत्येकातला एक घास चाखावा आणि बरोबर निवडलं की नाही ते सांगावं. या कामात तुम्हीच तरबेज आहात आणि त्या तिघी त्यासाठी तुमच्यावर विसंबून आहेत.

निघण्याआधी सर्जनना एकदा भेटून या. व्हिटॅमिनच्या गोळ्या आठ दिवसांपेक्षा थोड्या जास्त घ्या आणि हातातल्या पर्समध्ये ठेवा. कॅल्शियम आणि लोह एकत्र न घेता दोहोंत 2 तासांचं अंतर ठेवा. पाय-कंबर दुखली म्हणून मैत्रिणीने दिलेली आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका, बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो. दुखण्यासाठी काय चालेल ते सर्जनकडूनच लिहून घ्या. आणि हे त्या एका मैत्रिणीलाही सांगून ठेवा: पोटात जोराची कळ आली आणि थांबेना, घोटभर पाणीही पोटात टिकेना, किंवा उलट्या दिवसभर चालू राहिल्या, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. अशा उलट्यांनी शरीरातलं पाणी तर जातंच, पण व्हिटॅमिन बी 1 झपाट्याने कमी होऊन मेंदू आणि नसांना इजा होऊ शकते. डिस्चार्ज कार्डाचा फोटो तुमच्या आणि तिच्या फोनमध्ये असू द्या. तिथल्या डॉक्टरांना ‘हिचं गॅस्ट्रिक बायपास झालंय’ हे तिने पहिल्याच वाक्यात सांगायचं, नाहीतर साधी ॲसिडिटी समजून गोळी देऊन परत पाठवतील.