आदर्श योद्धा कोण : अकिलीस की हेक्टर?

प्रश्न : ट्रॉयच्या युद्धावरील होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यात ग्रीकांचा अकिलीस सर्वश्रेष्ठ योद्धा मानला जातो, पण तो रुसून तंबूत बसतो आणि पुढे ट्रॉयच्या राजपुत्राच्या, हेक्टरच्या, प्रेताची विटंबना करतो. हेक्टर सज्जन वाटतो, तर तो ऐन वेळी पळत सुटतो. मग होमरच्या दृष्टीने आदर्श योद्धा नेमका कोण? — एक वाचक, नाशिक

उत्तर : अकिलीसच्या रुसव्यापासून सुरुवात करू. लुटीतून सैन्याने त्याला दिलेली ब्रिसेइस ही बंदिवान स्त्री हा त्याचा मानाचा वाटा होता (तिला काय वाटते हे तेव्हा कोणी विचारत नाही), आणि ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याने तो भर सभेत हिरावून घेण्याचे जाहीर केले. त्या जगात योद्ध्याचा मान चारचौघांना दिसेल अशा वस्तूंत मोजला जात असल्यामुळे वाटा गेला की मानही गेला. बाराव्या सर्गात ट्रॉयच्या बाजूने लढणारा लिशियाचा सार्पेडॉन आपल्या सोबत्याला, ग्लाउकोसला, विचारतो की मानाचे आसन, उत्तम मांस, भरलेले पेले आणि झान्थोस नदीकाठची वतनासारखी जमीन आपल्यालाच का मिळते. आणि उत्तरही तोच देतो, की म्हणूनच आपण आघाडीवर उभे राहिले पाहिजे. या युद्धातून निसटून आपण अजरामर होणार असतो, तर मी स्वतः लढलो नसतो आणि तुलाही पाठवले नसते, असेही तो म्हणतो. मरण टळत नाही, म्हणून निदान कीर्ती मिळवावी, हा हिशेब इतक्या स्वच्छपणे काव्यात अन्यत्र क्वचितच मांडलेला आढळेल.

धैर्याची कसोटी मात्र होमर फार बारकाईने सांगतो. तेराव्या सर्गात क्रीटचा राजा इडोमेनेउस म्हणतो की माणसाची पारख दबा धरून बसताना होते : भित्र्याच्या चेहऱ्याचा रंग सारखा पालटतो, तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहतो, त्याची छाती धडधडते आणि दात वाजतात, शूराचा रंग बदलत नाही. हातघाईच्या लढाईपेक्षा वाट पाहण्यात कस लागतो, हे ज्याने युद्ध जवळून जाणले आहे त्यालाच सुचावे.

केवळ शौर्य मात्र पुरत नाही. नवव्या सर्गात वृद्ध फिनिक्स अकिलीसला आठवण करून देतो की तुझ्या वडिलांनी मला तुझ्याबरोबर पाठवले ते तुला बोलण्यात आणि करण्यात, दोन्हींत तरबेज करण्यासाठी. येथे बोलणे म्हणजे सभेत योग्य सल्ला देणे. माझ्या मते काव्यातला आदर्श हाच, आणि तो पूर्णपणे कोणालाच साधत नाही. अठराव्या सर्गात अकिलीस स्वतः कबूल करतो की युद्धात माझ्या तोडीचा कोणी नाही, सभेत मात्र इतर माझ्याहून सरस आहेत. त्याच सर्गात कवी सांगतो की हेक्टर आणि त्याचा सहकारी पॉलिडामास एकाच रात्री जन्मले. एकाला भाला लाभला, दुसऱ्याला वाणी. सैन्य नगरात मागे न्यावे हा पॉलिडामासचा सल्ला हेक्टर धुडकावतो आणि दुसऱ्याच दिवशी ट्रॉयचे सैन्य कापले जाते.

आता हेक्टरच्या पळण्याविषयी. बाविसाव्या सर्गात तो वेशीबाहेर एकटा उभा राहतो, कारण आत गेलो तर आपल्याहून हलका माणूसही म्हणेल की स्वतःच्या बळावर भिस्त ठेवून हेक्टरने लोकांचा नाश केला. ही जनाची लाज आहे. ग्रीकांकडे तिला ‘आयदोस’ म्हणत आणि योद्ध्याला रणात रोखून धरणारी मोठी शक्ती तीच. अकिलीस समोर येताच मात्र हेक्टर थरथरतो आणि तटाभोवती तीन फेऱ्या पळतो. तरीही कवी त्याला भेकड ठरवत नाही. पळणारा शूर होता आणि पाठलाग करणारा त्याहून फार मोठा, एवढेच तो नोंदवतो.

अकिलीसवरचा ठपका मात्र काव्यातच स्पष्ट आहे. चोविसाव्या सर्गात अपोलो देव म्हणतो की याने दया गमावली आहे आणि याला लाजही उरलेली नाही. त्यानंतर हेक्टरचा पिता, ट्रॉयचा राजा प्रायम, रात्री त्याच्या निवासात येऊन, आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचे चुंबन घेतो, दोघे रडतात, आणि अंत्यविधीसाठी किती दिवस हवेत, असे अकिलीस आपण होऊन विचारतो. प्रायम अकरा दिवस मागतो. तितके दिवस सैन्य रोखण्याचा शब्द अकिलीस देतो, आणि हे काव्य ट्रॉयच्या पाडावापाशी न जाता हेक्टरच्या अंत्यसंस्कारापाशी संपते.